परतीची खूण

त्यांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटात होतं आणि तिथंच पडून राहिलं. गावात लहानथोर सगळे त्यांना पिवळेकाका म्हणत, आणि त्याला कारण होती त्यांची नखं. चारचौघांच्या नखांत माती असते, काकांच्या नखांत पिवळा रंग असे. गावाला लागून खडकांची लांबलचक दरी आहे आणि तिच्यात चालायला लांबून लांबून माणसं येतात. त्यांना वाट कळावी म्हणून दगडांवर पिवळ्या खुणा रंगवायच्या आणि त्या जिवंत ठेवायच्या, हे काकांचं काम. बत्तीस वर्षं एकच काम आणि एकच रंग. रॉकेल झालं, टर्पेंटाइन झालं, नाना तऱ्हेचे साबण झाले, नखं काही स्वच्छ निघाली नाहीत. "यांना हात धुवायला सांगायचं म्हणजे दगडाला आंघोळ घालायची," असं त्यांची बायको म्हणायची. ती बोलू शकत होती तेव्हाची ही गोष्ट.

काम ऐकायला सोपं वाटतं. घ्यावा डबा आणि फासावा रंग, त्यात काय मोठंसं! असं ज्याला वाटतं त्यानं एकदा काकांबरोबर जायला हवं होतं. आधी तारेच्या ब्रशनं दगडावरचं शेवाळ खरवडायचं. मग कोरड्या फडक्यानं पुसायचं. दगड ओला असेल तर त्या दिवशी त्याच्या वाटेला जायचं नाही. खूण छातीच्या उंचीवर, वीतभर रुंद आणि हातभर लांब. सुट्या दगडावर खूण करायची नाही, कारण सुटा दगड उद्या कुठं असेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. आणि सगळ्यात वरचा नियम, त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या खूणवाल्यानं शिकवलेला: एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. नाही दिसली तर ती खूण नव्हे, नुसता डाग. काका प्रत्येक खुणेपाशी उभे राहत, पुढची शोधत, दिसली की स्वतःशीच "आहे" म्हणत आणि पुढं जात. जाताना एकशे चौदा खुणा, येताना एकशे नऊ. येतानाच्या खुणा दगडांच्या दुसऱ्या अंगाला असत. दर महिन्याला एक संपूर्ण फेरी, डोळ्यांत तेल घालून. ही फेरी नेहमी सकाळची.

सकाळचीच का, याचं कारण घरात होतं. काकांच्या बायकोच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. शेजारच्या वहिनी सकाळी येऊन बसत, पण त्यांनाही घरदार होतं. दुपारी चारच्या ठोक्याला त्या चपला पायात सरकवत आणि काका दारात हजर असत. मग चादर बदलायची. कुशीवर वळवायचं, टाचांना आणि पाठीला तेल लावायचं, म्हणजे अंथरुणानं जखमा होत नाहीत. मग मागं उशा लावून बसवायचं आणि चमच्याचमच्यानं भरवायचं. एक घास गिळला गेला याची खात्री झाल्याशिवाय दुसरा नाही. खाट पश्चिमेच्या खिडकीखाली होती. जेवण झालं की काका तिला पेपर वाचून दाखवत आणि ती अर्ध्या तोंडानं हसे. कुणी "काय हो तुमच्या नशिबी" असं म्हणालं की काकांच्या कपाळाला आठी पडे. मूल नव्हतं, दोघंच होती, आणि एकमेकांना पुरत होती. अशी चौदा वर्षं गेली. त्या चौदा वर्षांत काकांनी दरीतली एकही संध्याकाळ पाहिली नाही.

त्याआधीही ती पाहायची गरज पडली नव्हती. पूर्वी दरी फक्त सकाळी उघडी असे. सूर्य गावाच्या बाजूनं उगवतो, पाठीवर ऊन घेऊन माणसं आत जात आणि दहाच्या आत परत येत. मग दरीची देखभाल करणाऱ्या ऑफिसात नवे साहेब आले. त्यांनी एका संध्याकाळी दरी बघितली आणि संध्याकाळचंही दार उघडलं. साहेबांचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही, कारण मावळतीला ती दरी खरोखर बघण्यासारखी होते. अंधाराआधी दार बंद व्हायचं म्हणून सूर्य हातभर वर असतानाच लोकांना परत फिरवत. परतताना पाठीमागून तिरपं ऊन येई आणि समोरचे सगळे खडक पेटल्यासारखे दिसत. लोक वेड्यासारखे फोटो काढत.

संध्याकाळचं दार उघडून दोन महिने झाले असतील, तेव्हा इस्त्रीवाल्या ताईंचा मुलगा परतताना कड्यावरून पडला आणि गेला.

बाजाराच्या कोपऱ्यावर ताईंचं इस्त्रीचं दुकान. दुकान कसलं, एक लांब टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर कपड्यांच्या घड्या. नवरा लवकर वारलेला, तेव्हापासून मुलगा आणि मुलगी दोघांना त्यांनी त्या टेबलावर मोठं केलं. मुलगा वीस वर्षांचा, विजेची कामं शिकत होता. पोरगा गुणी, पण वेंधळा. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून कामावर जायचा. एकदा एका घरी पंखा बसवून आला आणि शिडी तिथंच विसरला. ताई या गोष्टी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायच्या आणि तो मागं उभा राहून हसायचा. तो एकटाच मावळती बघायला गेला होता. परतीच्या वाटेवर एका मोठ्या खडकाशी दोन वाटा फुटतात. डावीकडची अरुंद, ती खरी. उजवीकडची चांगली ऐसपैस, पण चाळीस पावलांवर संपते आणि खाली खोल घळ. आत जाताना हा फाटा ध्यानातही येत नाही, कारण ती वाट मागून येऊन मिळते. परतताना मात्र खुणेवरच भरवसा. मुलगा उजवीकडे गेला.

चौकशी झाली. शोधायला गेलेली माणसं तासाभरानं पोचली होती, बॅटऱ्या घेऊन. त्यांनी सांगितलं, खूण दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता काका साहेबांबरोबर गेले. खडकाचं ते अंग सावलीत होतं, तपकिरी दगडावर पिवळी खूण कशी झळझळीत उठून दिसत होती. चार महिन्यांपूर्वीचाच हात होता तिच्यावर. ऑफिसच्या हॉलमध्ये साहेबांनी विचारलं तेव्हा काका ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, आंधळ्यालाही दिसेल अशी खूण आहे ती." शेवटच्या खुर्चीवर ताई बसल्या होत्या, हे बोलून झाल्यावर काकांच्या लक्षात आलं. अहवालात लिहिलं गेलं: मयताने खुणेकडे दुर्लक्ष केले.

पुढं आठ दिवसांनी काका शर्ट आणायला दुकानात गेले. जायला पाय होत नव्हता, पण गावात इस्त्रीचं दुकान एकच. ताईंनी शर्ट दिला आणि खाली बघूनच म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, भाऊ. तुमचं काय चुकलं? आमचंच पोर वेंधळं."

हे ऐकून काकांना हायसं वाटलं होतं. हो, हायसंच. माणूस आहे, वाटतं.

ताईंच्या घरात मात्र त्या अहवालानं दुसरा घोळ घातला. धाकटी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची. ती हट्टाला पेटली की दादा असं करणारच नाही, त्याला उंचीची भीती होती, तो पायाखाली बघूनच चालायचा. ताईंना वाटलं, शहाण्या लोकांनी कागदावर लिहिलंय ते खोटं आणि ही काल जन्मलेली पोर खरी? आणि खरं तर त्यांना पोराचा रागच आला होता. बघितलं असतंस तर आज असतास, हा तो राग. मरून गेलेल्या मुलावर रागावता येत नाही, म्हणून तो जिवंत मुलीवर निघे. "बघून चाल. बघून कर. भावासारखं करू नकोस." ऊठसूट हेच. मुलगी नर्सिंग शिकायला म्हणून गेली ती लांबच्या शहरात राहिली. फोन यायचा, बरी आहेस ना, बरी आहे, इतकाच. अकरा वर्षांत ती मोजून चार वेळा घरी आली.

ऑफिसनं त्या कड्यापाशी लोखंडी साखळी लावली. त्यानंतर तिथून कुणी पडलं नाही. उजवीकडे चुकून गेलेली माणसं साखळीपाशी थांबत, हसत आणि मागं फिरत. त्यामुळे माणसं चुकतात हे ऑफिसला कधी कळलंच नाही. काकांना सकाळच्या फेरीत साखळीजवळची जमीन फार तुडवलेली दिसे. रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, फोटोच्या नादात विसरलेला रुमाल. त्यांना वाटे, लोक मुद्दाम घळ बघायला जातात. लोकांना काय, साखळी लावली की तिच्यापाशी जायलाच आवडतं.

आणि मग या वर्षी काकांची बायको गेली. झोपेत गेली, शांतपणे. लोक म्हणाले, सुटली बिचारी. काकांना तो शब्द आवडला नाही. तिला सुटायचं होतं असं तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि अर्ध्या तोंडानंही तिला पुष्कळ सांगता येई.

महिनाभर चार वाजले की काका ऑफिसातून तडक घरी येत आणि दारात उभे राहत. आत करण्यासारखं काही नसे. तेलाची बाटली खिडकीत तशीच होती. एके दिवशी ते दारातूनच मागं वळले आणि पाय नेतील तिकडे निघाले. त्या पायांना दरीशिवाय दुसरं ठिकाण माहीतच नव्हतं.

तो त्यांचा मावळतीला दरीत चालण्याचा पहिला दिवस. दुसऱ्या टोकापर्यंत गेले, सपाट खडकावर लोकांबरोबर थोडे बसले. पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवली तसे सगळे परत फिरले. पाठीवर ऊब येत होती. समोर बघून काकांच्या तोंडून "बाप रे" असं निघून गेलं. बत्तीस वर्षं जी दरी त्यांनी तपकिरी, राखी, कुठं तांबूस अशी पाहिली होती, ती सगळीच्या सगळी पिवळी झाली होती. हे बायकोला सांगायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

त्यांच्या पुढं एक तरुण जोडपं चाललं होतं. मोठ्या खडकाशी ते दोघं क्षणभर थांबले आणि सरळ उजवीकडे वळले. काकांना चीड आली. लोकांना देवानं डोळे कशाला दिलेत?

"अहो, ओ! तिकडं कुठं? खूण दिसत नाही का?"

ती मुलगी वळली आणि म्हणाली, "कुठं आहे खूण, काका?"

"कुठं म्हणजे? ही काय!" म्हणून काकांनी खडकाकडे हात केला आणि हात तसाच हवेत राहिला. खूण नव्हती. समोर उन्हात न्हालेला अखंड पिवळा दगड होता. काकांना वाटलं, ऊन डोळ्यावर आलं. पण ऊन तर पाठीमागं होतं. ते पुढं झाले, अगदी हाताच्या अंतरावर. तरी नाही. मग त्यांनी तळवा दगडावर ठेवला आणि आंधळ्यासारखे चाचपडत गेले. छातीच्या उंचीवर बोटांना कड लागली. बत्तीस वर्षांचे थरावर थर, नखाएवढी जाड कड. रंग तिथंच होता. फक्त दगड त्याच्या रंगाचा झाला होता.

"इकडून जा," काका त्या दोघांना म्हणाले. आवाज आपला नाही असं त्यांना वाटलं. जोडपं आभार मानून निघून गेलं आणि काका त्या खडकाला हात लावून उभे राहिले. काही वेळानं सूर्य खाली गेला. पिवळेपणा उतरला, दगड काळवंडला, आणि त्यांच्या बोटांखाली खूण हळूहळू वर आली, सकाळी दिसते तशी. बॅटऱ्या घेऊन आलेल्या माणसांना दिसली होती, तशी.

माणूस आपल्या चुकीला शेवटपर्यंत पळवाट शोधतो. काकाही लागले शोधायला. त्या दिवशी ढग असतील, ऊनच नसेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पुढच्या पाच संध्याकाळी ते घड्याळ घेऊन खडकाशी उभे राहिले. ढगाळ दिवशी खूण दिसली. निरभ्र दिवशी वीस मिनिटं गायब झाली. राहता राहिला अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस. तो त्यांना नको असतानाही आठवला. बायकोला भरवताना खिडकीतून तिच्या डोळ्यांवर ऊन येत होतं आणि ती मान वळवत होती, म्हणून चमचा ठेवून ते पडदा ओढायला उठले होते. परत बसतात न बसतात तोच खालून पळणाऱ्या लोकांचा ओरडा आला होता. म्हणजे ऊन होतं. लख्ख होतं.

काकांनी एका कागदावर सगळं लिहिलं आणि साहेबांकडे गेले. साहेब अजून तेच, पण केस पिकलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"पिवळेकाका, तीन महिन्यांत तुम्ही निवृत्त होताय. तुमचा सत्कार ठरलाय."

"हो साहेब."

"तुम्ही खोटं बोलला नव्हता. दिसलं ते सांगितलंत. मीही तिथंच उभा होतो तुमच्या शेजारी." साहेबांनी कागद घडी करून परत दिला. "आता कशाला शिळ्या कढीला ऊत? त्या बाईंनी कशीबशी मनाची समजूत घातलीय. उद्या निळा रंग घ्या, ती खूण निळी करा, सगळ्याच परतीच्या निळ्या करा. मी मंजुरी देतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, काका."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं काकांना पटलंही. पटणार नाही तर काय? गावानं त्यांना दुसरं काही दिलं नव्हतं, हे एक नाव दिलं होतं. पिवळेकाकांची खूण म्हणजे डोळे मिटून विश्वास. बायको गेल्यावर उरलं होतं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निळ्या रंगाचा डबा घेऊन खडकाशी पोचले. सवयीनं शेवाळ खरवडलं, फडक्यानं पुसलं, डबा उघडून काडीनं ढवळला, ब्रश बुडवला. ब्रशच्या टोकाशी निळा थेंब जमला. आणि तेव्हा त्यांना कळलं की हा एक हात फिरवला की संपलं. मग कुणालाही, कधीही, काहीही दाखवता येणार नाही. ताईंना सांगितलं तरी ते नुसते शब्द राहतील. पोरगा कायमचा वेंधळा राहील आणि आपण कायमचे चांगले. थेंब त्यांच्या चपलेवर पडला. त्यांनी ब्रश पुसला, डब्याचं झाकण दगडानं ठोकून बसवलं आणि चढ चढून सरळ बाजाराच्या कोपऱ्यावर आले.

ताई कुणाच्या तरी शर्टाची कॉलर करत होत्या. काकांनी उभ्याउभ्याच सांगितलं. मध्ये थांबले असते तर परत बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. पिवळं ऊन, पिवळा दगड, वीस मिनिटं. त्या दिवशी खिडकीत ऊन होतं. "मी सकाळी बघून आलो आणि संध्याकाळची साक्ष दिली, ताई. चूक त्याची नव्हती, माझी होती."

ताईंचा हात थांबला नाही. कॉलर झाली, खांदे झाले, बाह्या झाल्या. शर्टाची घडी घालून त्यांनी फळीवर ठेवला, इस्त्री उभी केली आणि तिचं बटण बंद केलं.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

"संध्याकाळी..."

"संध्याकाळीच येते. सकाळचं तुम्ही बघितलंय ना."

मुलगा गेल्यापासून ताई दरीत गेल्या नव्हत्या. गावात राहून दरीकडे पाठ करून जगणं सोपं नसतं. त्यांनी दुकानाचं तोंडसुद्धा दुसऱ्या बाजूला करून घेतलं होतं. त्या दिवशी आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. दोघं दुसऱ्या टोकापर्यंत गेले नाहीत. काकांनी त्यांना खडकाच्या पलीकडे दोनशे पावलांवर नेलं, आणि पहारेकऱ्याची शिट्टी वाजली तेव्हा ते म्हणाले, "आता तुम्ही पुढं व्हा. मी मागं आहे. काही बोलणार नाही."

ताई पदर खोचून निघाल्या. त्यांची नजर साधी नव्हती. पांढऱ्या शर्टावरचा चहाचा जुना डाग त्यांना दुकानाच्या दारातून दिसायचा. आणि आज तर त्या बघायलाच आल्या होत्या. एक खूण सापडली, तिथं थांबल्या. दुसरी सापडली. तिच्यावर झुडपाची सावली होती. मोठ्या खडकाशी त्या उभ्या राहिल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खडक वरपासून खालपर्यंत न्याहाळला. डोळ्यांवर हाताची छपरी करून परत बघितला. काका दहा पावलं मागं होते. त्यांना वाटत होतं की हिला दिसावी, काहीही करून दिसावी. आणि त्याच वेळी वाटत होतं की दिसू नये. असं एकदम दोन्ही वाटतं, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

ताई उजवीकडे वळल्या आणि चालू लागल्या.

काकांनी त्यांना बारा पावलं जाऊ दिलं. तेराव्याला त्यांच्यानं राहवलं नाही. "ताई, थांबा!"

ताई थांबल्या. पुढं वाकून त्यांनी लांबवरची साखळी पाहिली, तिच्या पलीकडची मोकळी हवा पाहिली. मग वळल्या. त्यांचा चेहरा रडवेला नव्हता, चकित होता.

"मी बघत होते," त्या म्हणाल्या. "भाऊ, मी नीट बघत होते."

"हो."

"म्हणजे तोही..."

त्या तिथंच, वाटेवर, खाली बसल्या आणि अकरा वर्षांत जे रडल्या नव्हत्या ते रडू लागल्या. गेला तेव्हा त्या रडल्या होत्या, ते रडणं वेगळं होतं. त्यात राग मिसळलेला होता. काका शेजारी बसले नाहीत. तो आपला हक्क नाही असं त्यांना वाटलं. मागून येणारी माणसं दबकून बाजूनं जात होती, त्यांना हातानं डावीकडची वाट दाखवत ते उभे राहिले.

सूर्य गेला. खडक विझला. ताईंनी डोळे पुसून वर पाहिलं, आणि आता खूण समोर होती, हातभर लांब, स्वच्छ.

"आता दिसते," त्या म्हणाल्या.

"आता दिसते," काका म्हणाले. त्यांनी खिशातून कागद काढला. "हे सगळं लिहिलंय. उद्या ऑफिसात देणार आहे. साहेब घेत नाहीत म्हणाले तर त्यांच्या वरच्यांना पाठवणार. तुमच्या पोराच्या नावापुढचं ते वाक्य निघालं पाहिजे. ते निघालं की मग ही खूण रंगवेन."

ताई कागदाकडे बघत राहिल्या, पण हातात घेतला नाही. "द्या ऑफिसात. मीही येते बरोबर." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय म्हणू, भाऊ? माफ केलं म्हणायला हवं. पण आज नाही येत तोंडून. आधी मलाच दोघांची माफी मागायची आहे. जो गेला त्याला मी रोज वेंधळा म्हटलं. जी आहे तिला घरात राहू दिलं नाही."

"मी मागितली नाही, ताई," काका म्हणाले.

दोघं दारापर्यंत आले. अजून पुरता अंधार पडला नव्हता. पहारेकरी कडी लावायला थांबला होता. ताईंनी दाराशीच पिशवीतून फोन काढला. नंबर दोनदा चुकला. लागला तेव्हा पलीकडून मुलीचा दमलेला, रोजचा आवाज आला.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. ऐक. तू ठेवू नकोस, ऐक." ताईंनी दुसऱ्या हातानं दाराचा गज धरला. "मी दरीत आले होते. त्या जागेवर. मावळतीला तिथं खूण दिसतच नाही गं. मीसुद्धा चुकले. खूणवाले भाऊ माझ्या मागं होते, त्यांनीच हाक मारली." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "दादा बघत होता. नीट बघत होता. तू सांगत होतीस आणि मी तुला..."

ताईंनी फोन कानावर घट्ट दाबला. त्यांना वाटलं, कट झाला.

"आई," मुलगी म्हणाली, "घरी जा. दार उघडं ठेव. मी निघते."